घोडा बालेकिल्ल्यात जातो का?

टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचे, प्रत्येकाने एकेका योद्ध्याची, मांत्रिकाची किंवा चोराची भूमिका घ्यायची, सूत्रधाराने प्रसंग उभा करायचा आणि पुढे काय घडते ते फाशांवर ठरवायचे, असे रोलप्लेइंग खेळांचे सर्वसाधारण स्वरूप आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील आद्य खेळ मानला जातो. संगणकावर आज खेळले जाणारे असंख्य अद्भुतरम्य खेळ त्याच घराण्यातले. या घराण्यात एक प्रश्न पहिल्या पिढीपासून चालत आला आहे आणि पन्नास वर्षांनंतरही त्याला एकमुखी उत्तर मिळालेले नाही. नायक घोड्यावर बसून भुयाराच्या तोंडाशी आला. आता घोड्याचे काय करायचे?

पनवेलच्या रहिवाशाला हा प्रश्न परका वाटू नये. कर्नाळा, प्रबळगड, कलावंतीण, माथेरान ही सारी ठिकाणे या शहराच्या आसपास आहेत आणि यांपैकी प्रत्येक ठिकाणी वाहन एका ठरावीक जागी सोडावेच लागते. पनवेल हे तर वाहन बदलण्याचेच गाव. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी होडीने पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून घोडा, पालखी किंवा गाडी करून बोरघाटाकडे निघे. घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, तोवर चढणीवर चाकांचा फारसा उपयोग नव्हता. कोणते वाहन कुठपर्यंत चालते, हे ज्ञान या भागात पोटापाण्याचे होते.

‘डंजन’ या शब्दाचा इतिहासही येथे लक्षात घ्यावा लागतो. आज त्याचा अर्थ तळघर, अंधारकोठडी असा होतो. खेळांत तर भुयारे, गुहा, पडके वाडे, थडगी असे सगळेच त्यात येते. मात्र मूळ फ्रेंच ‘दाँजाँ’ म्हणजे किल्ल्यातला सर्वांत भक्कम, सर्वांत शेवटी पडणारा बुरूज. आपल्या भाषेत बालेकिल्ला. त्या बुरुजाच्या तळाशी कैदी ठेवले जाऊ लागले आणि शब्द वरून खाली, उजेडातून अंधारात उतरला. तेव्हा घोडा ‘डंजन’मध्ये न्यावा का, या प्रश्नाचे मराठी रूप असे होते: घोडा बालेकिल्ल्यात जातो का? आणि हा प्रश्न सह्याद्रीने फार पूर्वी, फाशांवाचून सोडवलेला आहे.

मैदानातून भुयारात

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा जन्म ज्या खेळातून झाला त्यात घोडदळाला मोठा मान होता, ही गंमतीची गोष्ट आहे. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा ‘चेनमेल’ हा खेळ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. छोट्या प्रतिकृती मांडून मध्ययुगीन लढाया खेळण्याची ती नियमावली होती आणि मोकळ्या मैदानावर सरदारांची घोडदौड हा तिचा आत्मा होता. पुढे डेव्ह आर्नेसन यांनी आपल्या गड्यांना एका किल्ल्याच्या तळघरांत उतरवले. खेळाचा पट मैदानावरून आलेखाच्या कागदावर आला, आणि त्या कागदावरचा एक चौकोन म्हणजे दहा फूट असा संकेत रूढ झाला. घोडा तिथेच अडला. सैन्याऐवजी चार-सहा जणांची टोळी, पल्ल्याऐवजी वळण, दिवसाऐवजी मशाल. असा पट घोडेस्वारासाठी आखलेलाच नव्हता.

या खेळांवर ज्या साहित्याचा प्रभाव आहे, त्यातही एक दृश्य असे आहे की ज्याने पुढच्या सगळ्या सूत्रधारांना नमुना घालून दिला. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड १९५४ मध्ये आला. त्यात प्रवासी मंडळी मोरिया नावाच्या भूमिगत नगरीच्या दाराशी पोहोचतात तेव्हा बिल नावाचे ओझ्याचे तट्टू बाहेर सोडून द्यावे लागते. त्याची देखभाल करणाऱ्या सॅमला ते जड जाते. जवळपास लांडगे आहेत, समोर गढूळ तळे आहे आणि तट्टू तर माणसाळलेले. लेखकाने त्या तट्टाला वाऱ्यावर सोडलेले नाही. ते मजल-दरमजल करीत आपल्या ओळखीच्या गावी परतल्याचे पुढे कळते. खेळांत दाराशी बांधलेल्या बहुतेक घोड्यांच्या वाट्याला एवढी दखल येत नाही. मंडळी आत गेली की सूत्रधारासह सगळे त्यांना विसरतात.

स्वाराला उतरवणारे यंत्र

किल्ला ही शत्रूला बाहेर ठेवणारी वास्तू, हे आपण जाणतो. तिचे निम्मे काम शत्रूला जनावरावरून खाली उतरवण्याचे आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. घोडेस्वाराचे बळ त्याच्या वेगात आणि उंचीत असते. हत्तीचे बळ त्याच्या वजनात आणि धावून येण्यात. ही तिन्ही बळे काढून घेतली की उरतो तो दमलेला, एकेकटा पायदळी माणूस, आणि त्याला वरून दगड टाकूनही रोखता येते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे विवेचन आहे, त्यात गडाच्या वाटा सुगम असू नयेत, असल्या तर त्या मोडून तेथे झाडी वाढवावी आणि अवघड बाजूने नवे मार्ग घालावेत, असे बजावले आहे. रस्ता मुद्दाम बिघडवा, असे सांगणारे हे राज्यशास्त्र आजच्या नागरिकाला विचित्र वाटेल, पण त्यामागचा हिशेब सरळ आहे. शिवकालीन गडांची गोमुखी बांधणीची प्रवेशद्वारेही त्याच हिशेबाची. दोन बुरुजांच्या कवेत दरवाजा असा दडवलेला की समोरून तो दिसतच नाही. वळण घेतल्याखेरीज त्याच्यापुढे येता येत नाही, आणि वळण घेताना कोणतेही जनावर धाव गमावते. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला जे अणकुचीदार खिळे ठोकले आहेत, तेही त्याच पठडीतले.

महाराष्ट्रात खेळातल्या ‘डंजन’च्या सर्वांत जवळ जाणारी वास्तू दाखवायची झाली तर ती छत्रपती संभाजीनगरजवळचा देवगिरी, म्हणजेच दौलताबादचा किल्ला होय. सपाटीवरच्या तटबंद्यांपर्यंत घोडा, हत्ती, तोफेचा गाडा असे काहीही येऊ शकते. त्यानंतर खडकात उभा तासलेला खंदक लागतो, त्यावरून एक चिंचोळा पूल आणि त्यापुढे ‘अंधारी’. हा डोंगराच्या पोटातून वर चढत जाणारा वळणावळणाचा भुयारी जिना आहे. मशालीखेरीज पाऊल टाकता येऊ नये, पायऱ्या असमान असाव्यात आणि वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर आत कोंडता यावा, अशी त्याची रचना. ज्या सूत्रधाराला भुयार कसे आखावे हे शिकायचे आहे त्याने ही अंधारी एकदा उतरून पाहावी. घोडा येथे का नको, हे नियमपुस्तकात शोधावे लागत नाही.

राजगडाचे उदाहरण याहून बोधक आहे, कारण तेथे मर्यादा एका दाराशी येत नाही, टप्प्याटप्प्याने येते. पाली दरवाजाची वाट रुंद आणि पायऱ्यांची, दरवाजाही ऐसपैस. माच्यांवर वावरायला जागा आहे. पण बालेकिल्ल्याकडे जाणारी वाट म्हणजे कातळाला हात लावून चढायची चढण. बाहेरचा गड जनावराचा, आतला गड केवळ माणसाचा. खेळातल्या नकाशांत अशी उतरंड क्वचितच दिसते. तेथे बहुधा एक दार असते आणि त्याच्या अलीकडे सारे, पलीकडे काही नाही.

सगळेच गड मात्र असे नव्हेत. पन्हाळ्याचा माथा विस्तीर्ण आहे आणि आज तेथे मोटारी जातात. पण तोच पन्हाळा सिद्दी जौहरच्या वेढ्यातून १६६० च्या पावसाळ्यात सोडताना शिवाजी महाराज पालखीतून विशाळगडाकडे निघाले. रात्र, चिखल, दाट झाडी आणि पहारे चुकवायचे असताना माणसाच्या खांद्याचे वाहन घोड्याहून भरवशाचे ठरले. सिंहगडाच्या १६७० च्या मोहिमेत पोवाड्याने अजरामर केलेली यशवंती घोरपड ऐतिहासिक मानली जात नसली, तरी लोकप्रतिभेने कड्यासाठी कोणते जनावर निवडले ते पाहण्यासारखे आहे. जेथे घोडा थांबतो तेथून पुढे नखांचे जनावर लागते, हे पोवाडा रचणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

आणि तरीही घोडा वर गेल्याची नोंद आहे. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. दरबाराच्या दाराशी दोन लहान हत्ती आणि सोनेरी साजातले दोन उमदे घोडे उभे असलेले त्याने पाहिले, आणि इतक्या बिकट वाटेने ही जनावरे वर आणली तरी कशी, याचे आश्चर्य आपल्या रोजनिशीत नोंदवले. हत्ती पिल्लू असतानाच वर नेऊन तेथे वाढवले, असे उत्तर लोक आजही देतात. खरे काय ते असो. ऑक्झिंडेनला जो अचंबा वाटला तोच त्या जनावरांचा उपयोग होता. ती लढण्यासाठी उभी नव्हती. अशक्य वाटणारी गोष्ट येथे घडवता येते, हे परक्या वकिलाला न बोलता सांगण्यासाठी ती उभी होती. भुयारात शिरल्यावर आतल्या दालनात एखादा घोडा बांधलेला दिसला, तर खेळणाऱ्यांनी प्रथम हेच विचारायला हवे की, हा इथे आणला कोणी आणि कोणत्या वाटेने?

जनावराच्या बाजूने

नियमांकडे वळण्याआधी घोड्याच्या स्वभावाचा विचार करणे न्याय्य ठरेल. अंधुक प्रकाशात घोडा माणसापेक्षा चांगले पाहतो. पण लख्ख उजेडातून काळोखात शिरल्यावर त्याची नजर स्थिरावायला बराच वेळ लागतो. भुयाराच्या तोंडाशी तो बिचकतो ते यामुळे. पायऱ्या तो चढू शकतो, उतरणे मात्र त्याला नकोसे असते. धूर आणि ज्वाळा यांनी तो बुजतो, आणि मशालीवाचून तर खेळातली टोळी आत जात नाही. सर्वांत मोठी अडचण लांबीची. साधारण घोडा नाकापासून शेपटापर्यंत आठ फूट भरतो. पाच फुटी बोळात तो पुढे जाईल, पण वळू शकणार नाही. आणि बुजलेल्या घोड्याला पहिली इच्छा होते ती वळून पळण्याची.

नालाखालची जमीन हाही विषय किरकोळ समजू नये. पनवेलच्या शेजारच्या माथेरानात हा वाद जिवंत आहे. तेथे खेळातल्या नियमाच्या नेमके उलट घडते. दस्तुरी नाक्यावर मोटार थांबते आणि घोडा आत जातो. तेथील तांबड्या मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा विषय निघाला, तेव्हा या फरसबंदीवर घोडे घसरतात, अशी घोडेवाल्यांची तक्रार होती. ज्यांचे पोट जनावराच्या पायावर चालते ती माणसे प्रथम जमीन पाहतात. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर लोखंडी नाल काय करील, याची कल्पना त्यांना द्यावी लागत नाही.

असे असूनही घोडा जमिनीखाली राहूच शकत नाही, असे म्हणणे चुकीचे होईल. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत १९१३ च्या सुमारास सत्तर हजारांच्या आसपास घोडे आणि तट्टे राबत होती. त्यांचे तबेलेही कित्येक ठिकाणी खाणीतच असत. शेवटची तट्टे १९९० च्या दशकात निवृत्त झाली. पण त्यासाठी रुळांचे सपाट रस्ते होते, दाण्यापाण्याची शाश्वती होती, बुटक्या जातीची निवड होती आणि महिनोन्महिने केलेली सवय होती. अनोळखी भुयारात अचानक शिरवलेल्या घोड्याला यांतले काहीच मिळत नाही.

नियमांनी काढलेल्या पळवाटा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमकर्त्यांपुढे अडचण होती ती ‘पॅलाडिन’ या धर्मयोद्ध्याची. घोड्याखेरीज असा वीर शोभत नाही, आणि खेळ तर सारा भुयारात. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये या योद्ध्याला चौथ्या पातळीवर पोहोचल्यावर एक असामान्य युद्धाश्व हाक मारून मिळवण्याची मुभा दिली, पण असा घोडा दहा वर्षांतून एकदाच. म्हणजे तो गमावणे ही मोठी हानी. साहजिकच खेळणारे त्याला भुयारात नेण्यास कचरत. २००३ च्या सुधारित आवृत्तीने हा गुंता एका फटक्यात कापला. आता घोडा दिवसातून एकदा स्वर्गलोकातून बोलवायचा, पातळीमागे दोन तास ठेवायचा आणि काम झाले की परत पाठवायचा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याचे ‘फाइंड स्टीड’ नावाच्या मंत्रात रूपांतर झाले. घोड्याखेरीज तट्टू, उंट, सांबरासारखा एल्क किंवा मोठा कुत्राही या मंत्राने मिळू शकतो.

सोय झाली, यात शंका नाही. पण सोयीबरोबर काही गेलेही. जो घोडा मंत्राने येतो आणि मंत्राने जातो त्याला चंदी लागत नाही, मोतद्दार लागत नाही, पावसात तो भिजत नाही आणि त्याची चोरी होत नाही. तो घोड्याच्या आकाराचे हत्यार होतो. दाराशी उभे राहून जो निर्णय घ्यावा लागे तो निर्णयच नाहीसा झाला.

साध्या, मंत्राविना घोड्याचे गणित मात्र अजूनही कठोर आहे. पाचव्या आवृत्तीत घोडा ‘मोठ्या’ आकाराचा गणला जातो आणि दहा फूट बाय दहा फूट जागा अडवतो. पाच फुटी बोळातून तो अंग चोरून जाऊ शकतो, पण निम्म्या वेगाने आणि लढताना फाशांत तोटा सोसून. स्वार होण्यात वा उतरण्यात त्या फेरीतली निम्मी चाल खर्च होते. सर्वांत निर्दय आकडा जिवाचा. २०१४ च्या नियमांत युद्धाश्वाला १९ जीवगुण आहेत. मांत्रिकांच्या आवडत्या ‘फायरबॉल’ मंत्राची हानी आठ फाशांची, म्हणजे सरासरी २८. स्वार बहुधा वाचतो. घोडा वाचत नाही. बंद दालनात एका मंत्राने जो प्रवासी हमखास मरणार त्याला आत नेणे म्हणजे त्याचा बळी देणे होय, आणि अनुभवी गडी ते जाणून असतात.

यातून मार्ग काढला तो बुटक्यांनी. हाफलिंग किंवा नोम या ठेंगण्या जातींचा स्वार मोठ्या कुत्र्यावर बसू शकतो, कारण नियमानुसार वाहन स्वाराहून एका आकाराने मोठे असले की पुरते. कुत्रा पाच फुटांत मावतो, जिने उतरतो, अंधारात वासावर चालतो. ही कल्पना ऐकताना हसू येते. पण दख्खनच्या इतिहासात तिला भारदस्त जोड आहे. मराठ्यांचे घोडदळ प्रसिद्धीस आले ते भीमेच्या खोऱ्यातल्या बुटक्या, काटक भीमथडी तट्टांवर. अरबी वा तुर्की घोड्याचा रुबाब त्यांना नव्हता, पण ती डोंगराळ मुलखात टिकत आणि थोड्या दाण्यावर चालत. लहान जनावर पुढपर्यंत जाते.

खेचराला नियमांनी पाय घट्ट रोवण्याचा विशेष गुण दिला आहे, तोही योग्यच. ओझ्यासाठी खेचर सोबत घेऊन भुयार पालथे घालण्याची गंमत २००२ च्या ‘डंजन सीज’ या संगणकीय खेळाने मनमुराद घेतली. तेथे खेचर टोळीचा एक सभासदच असे.

एरवी संगणकावरील खेळांनी बहुधा सोपा मार्ग पत्करला आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ मध्ये आला तेव्हापासून छपराखाली घोडा चालत नाही, हा त्यातला साधारण दंडक; अपवाद म्हणून अन्-किराज या मंदिरात तेथलेच भुंगे स्वारीला घेता येतात. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये घोडा गुहेबाहेर थांबतो. त्याच घोड्यासाठी चिलखत वेगळे पैसे आकारून विकल्यामुळे त्या वर्षी खेळणाऱ्यांत बरीच खळबळ उडाली होती. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मधला टोरंट हा अद्भुत घोडा मोकळ्या माळावर वाऱ्यासारखा धावतो आणि थडग्यांत शिरताच अंतर्धान पावतो. जुन्या ‘नेटहॅक’ने मात्र वेगळी वाट चोखाळली. त्यातला सरदार खोगीर घातलेल्या तट्टासह भुयारात खेळ सुरू करतो आणि १९९९ च्या आवृत्तीपासून त्यावर स्वार होऊन जिने उतरू शकतो. तट्टू वाढून घोडा होते, सफरचंदे आणि गाजरे खाते, उपाशीही मरते. ज्याला स्वारीचे शिक्षण नाही त्याला खोगिरावरून जमिनीवरची वस्तू उचलता येत नाही. पडद्यावर तट्टाच्या जागी नुसते एक अक्षर दिसते, आणि तरी त्याची काळजी घ्यावी लागते. चित्रांनी सजलेल्या कितीतरी नव्या खेळांना हे साधलेले नाही.

कर्नाळा: एक मांडणी

एखाद्या सूत्रधाराला हा सगळा विचार पटावर आणायचा असेल तर कर्नाळ्याइतके सोयीचे स्थळ शोधून मिळणार नाही. पनवेलपासून दहा-बारा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत, १९६८ मध्ये जाहीर झालेल्या पक्षी अभयारण्याच्या माथ्यावर हा गड आहे. अंगठ्यासारखा उभा राहिलेला, सुमारे सव्वाशे फुटांचा कातळसुळका ही त्याची ओळख. कोकणातील बंदरांकडून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटांवर नजर ठेवणे हे त्याचे काम. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत तो होता आणि १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. १८१८ मध्ये इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा गड लढवला तो अनंतराव फडके यांनी. पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे १८४५ मध्ये जन्मलेले आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके हे त्यांचे नातू.

खेळासाठी या गडाचे चार टप्पे पडतात. पहिला पायथ्याचा रस्ता, जेथे घोडा हेच खरे बळ. दुसरा जंगलातली धारेवरची वाट. येथे लगाम हाती धरून घोडा चालवत नेता येईल, पण त्यावर बसून जाणाऱ्याला झाडीच्या फांद्याच खाली उतरवतील. तिसरा तटबंदीचा आणि कातळातल्या पायऱ्यांचा. तट्टू कदाचित चढेल. सूत्रधाराने येथे फासे मागवावेत आणि अपयश आल्यास जनावर मागे सरते, एवढाच निकाल द्यावा, कडेलोट करू नये. चौथा सुळक्याच्या पायाशी खोदलेली टाकी आणि कोठारे. काळोख, थंड पाणी, वर मधमाश्यांची पोळी. हे खरे ‘डंजन’, आणि येथे घोड्याची जात येण्याचा प्रश्नच नाही. कोणाला याहून साधी जागा हवी असल्यास प्रबळगड आहे. प्रबळमाचीवर वस्ती असल्यामुळे घोडा कोणाच्या तरी अंगणात राहू शकतो, आणि त्यापुढची घळ माणसाचीही परीक्षा पाहते. कलावंतिणीच्या उघड्या पायऱ्यांवर तर खेळातसुद्धा घोडा चढवू नये.

मग घोड्यापाशी कोण थांबणार? खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत मशालजी, हमाल, पहारेकरी असे पगारी सोबती घेण्याची रीत होती. ती पुढे मागे पडली आणि तिच्याबरोबर हा प्रश्नही. मराठी लष्करी व्यवस्थेत तो कधीच दुर्लक्षित नव्हता. सभासदाच्या बखरीनुसार पागेतील पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पावसाळ्यात लष्कर छावणीस परतण्यापूर्वी दाणा, वैरण, औषधे आणि छपरे यांची तजवीज झालेली असे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार, हा भेदही खेळात आणण्याजोगा आहे. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची उपजीविकाच बुडते. तो आपले जनावर अंधारात नेताना दहादा विचार करील. बारगिराला हवालदारापुढे जाब द्यावा लागेल, पण घोडा दुसरा मिळेल.

म्हणून सूत्रधाराने कर्नाळ्याच्या पायथ्याशी एक मोतद्दार उभा करावा. त्याला नाव द्यावे, मजुरी ठरवावी, चंदीचे तोबरे मोजून द्यावेत आणि मंडळी वर असताना खाली किती प्रहर गेले याचा हिशेब ठेवावा. वर कोठारात काही सापडले, गडकऱ्यांना चाहूल लागली आणि पळण्याची वेळ आली की पायथ्यापासून पनवेलचे बंदर गाठायचे आहे. पाठलाग करणारेही गडावरून पायीच उतरणार. अशा वेळी झाडाखाली खोगीर चढवून, तंग आवळून ठेवलेले चार घोडे आणि जागा असलेला एक मोतद्दार यांची किंमत वरच्या कोठारात सापडलेल्या कोणत्याही जादूच्या तलवारीपेक्षा जास्त भरते. मोतद्दाराला झोप लागली होती का, ते फाशांनी ठरवावे.